एकच पेशंट, चार लॉगबुकं

सकाळचे साडेदहा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातला पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. मोठ्या सरांचा राउंड नुकताच आटोपलाय. भिंतीलगतच्या एका खाटेपाशी जरा थांबा आणि बघत राहा.

आधी इंटर्न येतो. बीपी घेतो, केसपेपरवर आकडा टाकतो, रक्ताचा नमुना घेऊन लॅबकडे पळतो. पाठोपाठ बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी येते. पेशंटला कुशीवर वळवते, पाठ पुसते, चादर बदलते. मग फिजिओथेरपीचा विद्यार्थी लुळा पडलेला हात हळूहळू वरखाली करतो, दहा-दहा वेळा. शेवटी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, पांढरा कोट नसलेली एक मुलगी स्टूल ओढून पेशंटच्या बायकोशी बोलत बसते. ती एमएसडब्ल्यूची. आठवड्यातले दोन दिवस तिचं इथे क्षेत्रकार्य, म्हणजे फिल्डवर्क असतं.

चौघंही विशीतली, चौघंही शिकायला आलेली. पेशंट एकच. आणि चौघांना एकमेकांची नावंसुद्धा माहीत नाहीत. कदाचित या चौघांपैकी एक तुम्हीच असाल.

हा पेशंट काल्पनिक आहे, पण मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात तो तुम्हाला भेटेल. वय पंचेचाळीस-पन्नास, गाव बीडच्या डोंगरपट्ट्यातलं. बीपी होतं हे माहीतच नव्हतं. पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. आठ-दहा दिवसांत तब्येत स्थिर झाली. आता डिस्चार्ज.

चौघांना काय-काय माहीत आहे ते बघू. इंटर्नला गोळ्या, बीपीचे आकडे आणि स्कॅनचा रिपोर्ट माहीत आहे. नर्सिंगच्या मुलीच्या लक्षात आलंय की पाणी पिताना बाबांना ठसका लागतो. बसवून, घोटघोट पाजलं की लागत नाही. कंबरेच्या खाली कातडी लालसर व्हायला लागलीये हेही तिने पाहिलंय. खांद्याला आधार न देता हात ओढला तर खांदा निखळू शकतो आणि पुढचे तीन महिने व्यायाम फार मोलाचे आहेत, हे फिजिओच्या विद्यार्थ्याला पक्कं ठाऊक आहे. एमएसडब्ल्यूच्या मुलीला मात्र एक गोष्ट कळलीये जी बाकी कुणालाच माहीत नाही. या घराने मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला निघणार. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा पडला, पण उचल तर फेडायची आहे. त्यामुळे बायको दिराच्या जोडीने कारखान्यावर जाणार. आठ दिवसांत. घरी मागे राहणार सत्तरीची आई आणि नववीतला मुलगा.

आता डिस्चार्ज कार्ड बघा. गोळ्यांची नावं, त्यातली एक फक्त बाहेरच्या मेडिकलमध्ये मिळणारी. ‘फिजिओथेरपी ओपीडी, आठवड्यातून एकदा.’ ‘पंधरा दिवसांनी फॉलोअप.’ दवाखाना गावापासून शंभर किलोमीटरवर. व्यायाम समजावले बायकोला, जी आठ दिवसांनी घरी नसणार. ठसक्याबद्दल कार्डावर एक अक्षर नाही. कंबरेच्या लालसर डागाबद्दलही नाही. दीड महिन्याने हाच माणूस कंबरेला खोल जखम आणि छातीत जंतुसंसर्ग घेऊन परत येतो तेव्हा केसपेपरवर लिहिलं जातं की नातेवाइकांनी हेळसांड केली.

हेळसांड नेमकी कुणी केली? चौघांपैकी एकानेही काम टाळलेलं नव्हतं. प्रत्येकाचं लॉगबुक भरलेलं आहे, सहीसुद्धा झालेली आहे. खरं तर त्या माणसाला घरी सुखरूप ठेवायला लागणारी सगळी माहिती वॉर्डात हजर होती. फक्त ती चार डोक्यांत विभागून पडली होती आणि ती डोकी एका जागी आली नाहीत.

या ‘एका जागी येण्याला’ जगभरात एक जडसं नाव आहे, आंतरव्यावसायिक शिक्षण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये याचा एक आराखडा प्रसिद्ध केला. त्यातली व्याख्या साधी आहे. दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी जेव्हा एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, तेव्हा ते आंतरव्यावसायिक शिक्षण. यातला ‘एकमेकांकडून’ हा शब्द अधोरेखित करून ठेवा. एका मोठ्या सभागृहात मेडिकल आणि नर्सिंगची मुलं बसवून एकाच सरांचं लेक्चर ठेवलं, फोटो काढला, बॅनर लावला, तर ते यात मोडत नाही. तिथे दोघंही सरांकडून शिकतात, एकमेकांकडून नाही.

आणि हो, प्लेसमेंट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पॅकेज आणि कॅम्पस इंटरव्ह्यू आले असतील तर थांबा. आरोग्य आणि समाजकार्याच्या जगात प्लेसमेंट म्हणजे शिकता शिकता प्रत्यक्ष कामाच्या जागी घालवायचा काळ. मेडिकलवाले त्याला पोस्टिंग किंवा इंटर्नशिप म्हणतात, नर्सिंगवाले क्लिनिकल, समाजकार्यवाले क्षेत्रकार्य. एकाच गोष्टीला तीन नावं आहेत, यातच बरंच काही आलं.

माणसं एकमेकांशी न बोलल्याची किंमत किती असू शकते, याचं एक उदाहरण ब्रिटनमधलं आहे. व्हिक्टोरिया क्लिंबी ही आयव्हरी कोस्टमधली मुलगी शिक्षणासाठी म्हणून नातेवाईक बाईंबरोबर युरोपात गेली. १९९९ मध्ये ती लंडनला पोहोचली. घरात तिचा अनन्वित छळ होत होता. त्या वर्षीच्या जुलैमध्ये तिला दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत नेण्यात आलं. पहिल्या रुग्णालयात एका डॉक्टरला मारहाणीचा संशय आला, पण वरिष्ठांचं निदान पडलं खरूज. तेच समाजकार्य विभागाला कळवलं गेलं आणि मुलीला घरी सोडलं. दुसऱ्या रुग्णालयात परिचारिकांनी तिच्या अंगावरच्या खुणा पाहिल्या, पण पाहिलेलं सगळं नोंदीत उतरलं नाही. पुढे समाजकार्यकर्ती आणि पोलीस घरी जाणार होते, तर खरूज लागेल या भीतीने ती भेटच रद्द झाली. फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया गेली. वय आठ.

लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये आला. तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्या, असं त्यात मांडलं होतं. डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ते, पोलीस, प्रत्येकाकडे चित्राचा एकेक तुकडा होता. अहवालात १०८ शिफारशी होत्या आणि २००४ चा बालकविषयक कायदा त्यातून पुढे आला. ‘वेगवेगळ्या व्यवसायांच्या मुलांनी शिकतानाच एकत्र काम करायला हवं’ ही मागणी ब्रिटनमध्ये आधीपासून होती. त्यासाठी काम करणारी ‘केप’ ही संस्था १९८७ पासूनची. पण या प्रकरणानंतर ती मागणी केवळ शिक्षणतज्ज्ञांची हौस राहिली नाही.

स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठाने मात्र कुठलाही घात होण्याची वाट पाहिली नव्हती. तिथे १९८६ मध्ये आरोग्यविज्ञान शाखा सुरू झाली, तीच मुळी सगळ्या अभ्यासक्रमांच्या मुलांनी सुरुवातीचे काही आठवडे एकत्र शिकायचं या नियमाने. १९९६ मध्ये त्यांनी आणखी धाडस केलं आणि विद्यार्थ्यांचा वॉर्ड काढला. मेडिकल, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपीची मुलं मिळून दोन आठवडे खरा वॉर्ड चालवतात. पेशंट खरे, पाळ्या खऱ्या, डिस्चार्जचा निर्णयही खरा. मागे अनुभवी माणसं उभी असतात, पण ती शक्यतो गप्प राहतात. पुढे स्टॉकहोमसह इतर ठिकाणी असे वॉर्ड निघाले.

तिथलं सगळं चकचकीत आणि आपलं सगळं भिकार, असं म्हणायचं नाहीये. आपल्याकडे या विचाराची मुळं चांगली जुनी आहेत आणि त्यातली बरीच महाराष्ट्रातच आहेत. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टिस. तिच्या स्थापनेनंतर दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. म्हणजे आजार शरीरात असतो तसा घरात आणि खिशातही असतो, हे इथल्या रुग्णालयाने स्वातंत्र्याच्या आधीच मान्य केलं होतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, मुलं तिथे शिबिरात राहतात, घरं वाटून घेतात. आज देशभरच्या एमबीबीएसच्या मुलांना जो ‘कुटुंब दत्तक’ कार्यक्रम करावा लागतो, त्याचा हा जुना भाऊच म्हणायचा.

मग अडतं कुठे? सगळ्यात आधी वेळापत्रकात अडतं. हसू नका, खरंच. इंटर्नचं वर्षभराचं चक्र वेगळं, तो काही आठवड्यांनी दुसऱ्या विभागात जातो. नर्सिंगच्या मुलींची पाळी वेगळी. एमएसडब्ल्यूची मुलं आठवड्यातून दोनदा येणार. चौघंही वॉर्डात हजर आहेत असे तास मोजायला बसलात तर आठवड्यातून दोन-तीन हाताला लागतील आणि नेमके तेव्हा सर लेक्चर घेत असतील.

त्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी ही सगळी राज्यात एकाच छत्राखाली आहेत, १९९८ मध्ये नाशिकला सुरू झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. इतकं मोठं एकच आरोग्य विद्यापीठ असणं हा खरं तर आपला फायदा आहे. चार अभ्यासक्रमांची मुलं एकत्र आणायला चार विद्यापीठांचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. पण समाजकार्य त्या छत्राबाहेर आहे. एमएसडब्ल्यूची मुलं मुंबई, पुणे, नागपूर अशा पारंपरिक विद्यापीठांची किंवा टिससारख्या संस्थांची. म्हणून नेमका जो दुवा घर आणि दवाखाना जोडतो तोच दवाखान्यात पाहुणा असतो. त्याच्या नोंदी समाजसेवा विभागाच्या रजिस्टरात राहतात. केसपेपरमध्ये त्या सहसा जात नाहीत, आणि गेल्या तरी कोण वाचतं हा प्रश्न उरतोच.

वर प्रत्येकाचा नियंता निराळा. डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नर्सिंगसाठी परिषद आणि २०२३ च्या कायद्यानुसार नवा आयोग, फिजिओ वगैरेंसाठी आणखी तिसरा. प्रत्येक जण आपापल्या मुलांनी काय शिकावं याची यादी काढतो. ‘दुसऱ्यांच्या मुलांबरोबर शिका’ हे सांगायचा अधिकार कुणा एकाकडे नाही.

याच तिसऱ्याकडे सध्या लक्ष ठेवण्यासारखं आहे. मार्च २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, आहारशास्त्र, डायलिसिस तंत्रज्ञ असे पन्नासहून अधिक व्यवसाय त्यात आले. परिशिष्ट नीट वाचलंत तर त्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांचीही नावं दिसतील. हे छोटं नाही. समाजकार्यासाठी देशात डॉक्टर-वकिलांसारखी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे दवाखान्यातल्या समाजकार्यकर्त्याला ‘तुम्ही नेमक्या कोण?’ या प्रश्नाचं कायद्याने दिलेलं उत्तर पहिल्यांदाच इथे मिळतंय. २०२५ मध्ये यातल्या काही व्यवसायांचे नवे, कौशल्याधारित अभ्यासक्रम जाहीर झाले. त्याच वर्षी यूजीसीने या कायद्याखालचे, मानसशास्त्रासह, अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत असं सांगितलं. घरबसल्या पदवी घेण्याच्या विचारात असलेल्या अनेकांना हा धक्का होता. पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ असा की यापुढे अधिक मुलं प्रत्यक्ष दवाखान्यात आणि वस्तीत शिकायला येणार. प्रश्न एवढाच की येऊन ती पाचवं, सहावं, सातवं लॉगबुक वेगळं भरणार की काही एकत्र करणार. याबाबतीत नियम आत्ता लिहिले जातायत. एकदा लिहून झाले की पुढची पंधरा वर्षं कुणी हात लावणार नाही, हा आपला अनुभव आहे.

कागदावर तर सद्भावना भरपूर आहे. एमबीबीएसचा २०१९ पासूनचा अभ्यासक्रम काढून बघा. चांगल्या डॉक्टरच्या पाच भूमिका त्यात सांगितल्यात आणि त्यातली एक ‘आरोग्य टीमचा नेता आणि सदस्य’ अशी आहे. नेता तर होता येतं, त्यासाठी फार शिकावं लागत नाही, पांढरा कोट घातला की पेशंट आपोआप ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतो. सदस्य व्हायला मात्र शिकावं लागतं. संवाद आणि नीतिमूल्यांचे तास आहेत, पण बहुतेक ठिकाणी ते मेडिकलची मुलं मेडिकलच्याच मुलांसोबत करतात. कुणी पेशंट होतं, कुणी नातेवाईक होतं. शेजारच्या इमारतीतल्या नर्सिंग कॉलेजची मुलगी ‘सिस्टर’ म्हणून आली तर? नाटक करायची गरजच उरणार नाही.

आता जरा थंड पाणी. आंतरव्यावसायिक शिक्षणाने पेशंट खरंच बरे होतात का? २०१३ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात निकषांत बसणारे पंधराच अभ्यास सापडले. सात अभ्यासांत चांगला परिणाम दिसला, चारांत संमिश्र, चारांत काहीच फरक नाही. म्हणजे पुरावा आहे, पण ढोल बडवावा इतका नाही. आणि हे बरेचसे अभ्यास श्रीमंत देशांतले, जिथे वॉर्डात एका परिचारिकेकडे मोजके पेशंट असतात. आपल्याकडे रात्रपाळीला एक सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळते. तिथे ‘टीम मीटिंग घ्या’ असं सांगणं म्हणजे भाकरी नसलेल्याला ताट कसं वाढावं हे शिकवणं.

तरीही मला हा विषय विद्यार्थ्यांच्या बाजूने महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं कारण जरा अप्रिय आहे. प्लेसमेंट म्हणजे शिक्षण, असं कागद म्हणतो. प्रत्यक्षात तुम्ही तिथे फुकटातला किंवा स्वस्तातला हात असता. इंटर्न सॅम्पल पोहोचवण्यासाठी जिने चढतो-उतरतो. सिस्टर कमी आहेत म्हणून नर्सिंगची मुलगी शिकण्यापेक्षा जास्त वेळ खाटा आवरते. एमएसडब्ल्यूची मुलगी योजनांचे अर्ज भरत बसते, आणि तिला तर सहसा विद्यावेतनही नसतं, उलट एसटीचं भाडं खिशातून. प्रत्येकाला वाटतं आपल्यावरच अन्याय होतोय, कारण शेजारच्याची तक्रार ऐकायला कधी बसलेलंच नसतं. मग इंटर्न म्हणतो, ‘सिस्टर लोक काही करत नाहीत’, नर्सिंगची मुलगी म्हणते, ‘डॉक्टर नुसती ऑर्डर सोडतात’, आणि दोघं मिळून म्हणतात, ‘ती सोशल वर्कवाली नुसत्या गप्पा मारते’. हे पूर्वग्रह कुणी शिकवत नाही. वेगवेगळ्या रांगेत उभं राहून ते आपोआप तयार होतात आणि पुढची तीस वर्षं नोकरीत सोबत राहतात.

त्या गप्पांचं मोल आपल्या ऊसतोड कुटुंबात दिसलंच. बायको आठ दिवसांत जाणार, हे चौघांना डिस्चार्जच्या आदल्या दिवशी कळलं असतं तर? फिजिओच्या विद्यार्थ्याने व्यायाम नववीतल्या मुलाला शिकवले असते, मोबाइलवर त्याचाच व्हिडिओ काढून दिला असता. दर दोन तासांनी कूस बदलायची, बसवूनच पाणी पाजायचं, हे नर्सिंगच्या मुलीने आजीला दाखवलं असतं. इंटर्नने रेसिडेंट डॉक्टरांना विचारून बाहेरच्या गोळीऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी गोळी लिहून घेतली असती आणि कार्डावर तिथल्या डॉक्टरांसाठी दोन ओळी. एमएसडब्ल्यूच्या मुलीने गावच्या आशाताईंचा नंबर मिळवून त्यांना कळवलं असतं. यात एकही जास्तीचं यंत्र नाही, एकही जास्तीचा रुपया नाही. मोजून वीस मिनिटं.

इथे एक गोम आहे. ‘सगळ्यांनी सगळं एकमेकांना सांगा’ हे ऐकायला छान वाटतं, पण तसं करायचं नसतं. पेशंटच्या बायकोने उचलीची गोष्ट स्टूलावर बसलेल्या त्या एका मुलीला विश्वासाने सांगितली, राउंडमधल्या वीस जणांना नाही. नवऱ्याचं दारूचं व्यसन, घरातली मारहाण, एखादा जुना गर्भपात, हे भर वॉर्डात मोठ्याने बोलायचे विषय नाहीत. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा आणि त्याच वर्षीचा मानसिक आरोग्यसेवा कायदा पेशंटच्या गोपनीयतेबाबत स्पष्ट आहेत. मग काय करायचं? समाजकार्यात याचं शिक्षण मिळतं आणि ते बाकीच्यांनी त्यांच्याकडून घ्यावं. आधी विचारायचं, ‘ताई, डॉक्टरांना एवढंच सांगू का, की तुम्ही पुढच्या आठवड्यात घरी नसणार?’ कारण सांगायची गरज नाही, उचलीचा आकडा सांगायची गरज नाही. उपचाराला लागेल तेवढंच पुढे जाऊ द्यायचं. ही चाळणी कशी लावायची हे लेक्चरने येत नाही. दुसऱ्याच्या कामाला काय लागतं हे कळल्याशिवाय काय गाळायचं हेही कळत नाही.

सुरुवात कुठून करता येईल असं विचाराल तर मेडिसिन वॉर्डाच्या आधी मी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे बोट दाखवेन. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. लहान मुलांतले जन्मजात दोष आणि वाढीतल्या अडचणी लवकर शोधायच्या आणि जिल्ह्याच्या केंद्रात उपचार करायचे, अशी ती रचना. या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक, समाजकार्यकर्ता असे सगळे एकाच ठिकाणी असावेत असं धोरणच म्हणतं. पदं भरलेली असतात की नाही हा वेगळा लेख होईल. पण सेरेब्रल पाल्सी असलेलं तीन वर्षांचं मूल आणि त्याची थकलेली आई समोर बसली की कुठल्याही एका व्यवसायाला ‘हे माझं एकट्याचं’ म्हणता येत नाही. वेगवेगळ्या कॉलेजांची मुलं तिथे एकाच महिन्यात, एकाच दिवशी पाठवायची, एवढं ठरवायला नवा कायदा लागत नाही. दोन प्राचार्य आणि एक जिल्हा शल्यचिकित्सक पुरतात.

आणि तेवढंही होत नसेल तर? कॉलेजची वाट न बघता तुमच्या हातात असलेल्या काही गोष्टी आहेत. पुढच्या पोस्टिंगला पहिल्या दिवशी वॉर्डात गेलात की इतर कॉलेजांची मुलं कोणत्या वारी येतात ते इन्चार्ज सिस्टरांना विचारा. त्यांना सगळ्यांची वेळापत्रकं पाठ असतात, विभागप्रमुखांना नसतात. एक सामाईक वार सापडला की त्या दिवशी एकच पेशंट निवडा, उद्या-परवा घरी जाणारा. सगळे नकोत, एकच. चहाच्या टपरीवर नाही, कारण तिथे पेशंटचं नाव घ्यायचं नसतं. नर्सेस रूमच्या कोपऱ्यात बसा. प्रत्येकाने एकच सांगायचं, या माणसाबद्दल मला असं काय माहीत आहे जे तुम्हाला नसेल? पहिल्या वेळी अवघडल्यासारखं होईल. मेडिकलवाला बोलत राहील, बाकीचे ऐकत राहतील. म्हणून सुरुवात एमएसडब्ल्यूवाल्याने किंवा नर्सिंगवालीने करावी आणि इंटर्नने शेवटी बोलावं. जे निघेल ते तुम्ही स्वतः कार्डावर लिहायचं नाही, रेसिडेंटना किंवा सिस्टरांना दाखवून लिहून घ्यायचं. तुम्ही अजून विद्यार्थी आहात आणि जबाबदारी त्यांची आहे. ते वैतागतील. एखाद वेळी ऐकतीलही.

तुम्ही यातल्या कुठल्याच कोर्सला नसाल, कॉमर्सला किंवा इंजिनीअरिंगला असाल, तरी कधी ना कधी घरच्या कुणाच्या तरी खाटेशेजारी बसणार आहात. तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी कार्ड हातात पडलं की लगेच बिलाच्या खिडकीकडे पळू नका. घरी कोण असणार आहे, दवाखाना किती लांब आहे, कुठली गोळी परवडत नाही, हे तुम्ही सांगितल्याशिवाय तिथल्या कुणालाही माहीत नाही. ते डॉक्टरांना सांगा, मग सिस्टरांना परत सांगा आणि समाजसेवा अधीक्षकांचं ऑफिस कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा. बहुतेक मोठ्या सरकारी दवाखान्यांत ते असतं. बऱ्याचदा तळमजल्यावर, केसपेपरच्या खिडकीच्या मागे, आणि दारावरची पाटी गर्दीत दिसत नाही.